खुंट्याला दोर पडला नाही तो दिवस

मी खुंटा बोलतोय. गुरं बांधायचा नव्हे, जहाजं बांधायचा! बंदराच्या धक्क्यावर, पाण्याच्या अगदी काठाला, कमरेइतक्या उंचीचा, डोकं फुगलेलं आणि मान बारीक असा जो लोखंडी गृहस्थ उभा असतो ना, तो मी. तुम्ही कधी बंदरावर आला असाल तर माझ्यावर पाय ठेवून फोटोसुद्धा काढला असेल. चौकशी मात्र केली नसेल. असू द्या, मला सवय आहे.

माझा जन्म भट्टीतला. ओतकामाच्या कारखान्यात लालभडक रस साच्यात पडला आणि मी थंड होत होत आकाराला आलो. माझ्याबरोबरच्या भावंडांपैकी काहींची गटाराची झाकणं झाली. एकाचा बागेतला बाक झाला आणि तो म्हणे दिवसभर लोकांची प्रेमप्रकरणं ऐकतो. नशीब एकेकाचं! मला धक्क्यावर आणलं, भलेमोठे बोल्ट घालून काँक्रीटमध्ये आवळलं आणि सांगितलं, "हलायचं नाही." मी हललो नाही. हट्टीपणा माझ्या रक्तातच आहे. रक्त नाही म्हणा, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते.

माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. जहाज धक्क्याजवळ आलं की वरून खलाशी एक पातळ दोरी भिरकावतो. तिच्या टोकाला जड गाठ असते. खाली उभे असलेले दोरवाले ती झेलतात आणि भराभर ओढतात. तिच्यामागून मांडीएवढा जाड दोर पाण्यातून वर येतो. त्या दोराच्या टोकाचा फास माझ्या मानेत पडला की जहाज बांधलं गेलं. मग शिड्या लागतात, क्रेन फिरतात, माल चढतो-उतरतो. फास पडला नाही तर डोंगराएवढं जहाज नुसतं पाण्यात डुलत राहणार. एवढा मोठा कारभार, पण सुरुवात दोरी झेलणाऱ्या दोन हातांपासून.

आमच्या धक्क्यावरच्या दोरवाल्यांची एक रीत होती. आलेली दोरी खाली पडू द्यायची नाही. ज्याच्या हातून पडली त्याला सगळे दिवसभर 'साहेब' म्हणून हाक मारायचे, कारण साहेबांच्या हातून कधी काही होत नाही असं त्यांचं मत. आणि एकदा झेललेली दोरी सोडायची नाही. दुसऱ्या टोकाला माणूस आहे, त्यानं भरवशानं फेकली आहे, असं मुकादम प्रत्येक नवीन माणसाला पहिल्या दिवशी बजावायचे.

हे मुकादम म्हणजे पांढऱ्या मिशांचे, हाडकुळे, निवृत्तीला टेकलेले. दोरी त्यांच्या हातून पडलेली कुणी पाहिली नव्हती. पाठ करून बोलत उभे असले तरी दोरी सुटल्याचा आवाज आला की त्यांचा हात आपोआप वर जायचा. बायको म्हणायची, "ह्यांचा झोपेतसुद्धा हात वर जातो, पंख्याला लागेल म्हणून भीती वाटते."

माझ्या शेजारीच ताईची चहाची टपरी. ताई पलीकडच्या देशातली. एक पिशवी घेऊन समुद्र ओलांडून आली होती. पहिल्या दिवशी तिनं केलेला चहा पिऊन लंबू नावाचा उंच दोरवाला म्हणाला होता, "ताई, तुम्ही आता परत जायचं नाही हं." ती हसली नाही. तेव्हा लंबूला कळलं की आपण भलतंच बोलून गेलो.

तिची हकिकत हळूहळू बाहेर आली. तिच्या देशात एका सकाळी लोक उठले, रेडिओ लावला, तर बातम्यांच्या जागी बँड वाजत होता. रस्त्यावर रणगाडे. निवडून दिलेली माणसं कोठडीत आणि खुर्चीवर सेनापती. तो म्हणाला, देशाच्या भल्यासाठी! असले लोक कधी स्वतःच्या भल्यासाठी म्हणून आलेले ऐकले आहेत का तुम्ही?

ताईचा धाकटा भाऊ रेल्वेत इंजिन चालवायचा. त्यानं त्याच दिवशी गाडी वाटेतल्या स्टेशनात उभी केली, प्रवाशांना हात जोडून खाली उतरवलं, इंजिनाचं हँडल काढून खिशात घातलं आणि चालत घरी गेला. त्याचं पाहून दुसऱ्यानं तेच केलं, मग तिसऱ्यानं. बघता बघता देशभर रेल्वे ठप्प. सेनापतीकडे तोफा होत्या, पण त्या हलवायला गाडी नव्हती. मग सैनिकांनी रेल्वे वसाहतीला वेढा घातला आणि घराघरांत जीव घुसमटवणाऱ्या धुराचे गोळे फेकले. त्यातला एक ताईच्या स्वयंपाकघरात येऊन पडला. ती स्टेशनात तिकिटं द्यायची आणि संपात पुढे असायची, म्हणून तिला शोधत होते. भावानं तिला रातोरात होडीत बसवलं. म्हणाला, "तू जा. कुणाला तरी इथलं सांग."

येताना तिनं त्या गोळ्याचा रिकामा डबा पिशवीत टाकला होता. टपरीवर ती त्यात चमचे ठेवायची. लंबू एकदा म्हणाला, "ताई, यात दोन फुलं तरी लावा."

"नको," ती म्हणाली, "त्यात काय होतं ते मला माहीत आहे. चमचेच बरे."

डब्याच्या बुडाला एक छाप होता. गोल रेघेच्या आत आरवणारा कोंबडा. डबा रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण त्याचं बूड कुणी पाहिलं नव्हतं.

एके दिवशी माझ्या मागच्या शेडमध्ये ट्रकमधून खोकी उतरली. नवी कोरी लाकडी खोकी, वर ताडपत्री. शेडवाल्याला कुणी तरी सांगितलं, यंत्रांचे सुटे भाग आहेत, पलीकडे जायचे आहेत. ताई किटली घेऊन चहा द्यायला आत गेली आणि मधेच थांबली. वाऱ्यानं ताडपत्री उडाली होती. खोक्यावर कोंबडा होता.

ती तशीच मागे फिरली. टपरीवर आली, चमचे टेबलावर ओतले आणि रिकामा डबा नेऊन खोक्याला टेकवून ठेवला. दोरवाले गोळा झाले. इकडे कोंबडा, तिकडे कोंबडा. लंबूनं कपाळावर हात मारला. कारण कोंबड्याचा कारखाना ह्याच गावात होता आणि त्याची वहिनी तिथे पॅकिंगला जात होती.

"हे आपल्याकडनं जातं?" मुकादमांनी डबा हातात घेऊन विचारलं.

ताई म्हणाली, "दादा, माझा भाऊ अजून वसाहतीत आहे, तिकडून येणारे सांगतात. पाणी तोडलंय, वीज तोडलीय, तरी एक माणूस कामावर गेला नाही. सैनिकांकडचा साठा संपलाय, म्हणून ते आत शिरत नाहीत. ही खोकी पोचली की शिरतील. मग माझा भाऊ राहत नाही. कुणीच राहत नाही."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे माझ्याभोवती बसले. डबे उघडले आणि तसेच बाजूला ठेवले. खोकी न्यायला जहाज दुसऱ्या दिवशी येणार होतं.

"दोरीला हात लावायचा नाही," मुकादम म्हणाले.

"म्हणजे?" लंबूनं विचारलं. "पडू द्यायची?"

"पडू द्यायची."

तुम्हाला ही साधी गोष्ट वाटेल. पण मी त्या माणसांचे चेहरे पाहिले. ज्याच्या आयुष्यात अभिमानानं सांगण्यासारखं एकच काम आहे, त्याला तेच मुद्दाम बिघडवायला सांगायचं! तरीही एकेकानं मान हलवली. मला मान होती, हलवता येत नव्हती. नाहीतर मीही हलवली असती.

बातमी साहेबांपर्यंत जायला वेळ लागला नाही. ते तरातरा आले. बंदराचे मोठे अधिकारी ते, पण धक्क्यावर क्वचितच दिसायचे.

"मुकादम, हे काय ऐकतोय मी? पेन्शन जवळ आलीय तुमची. कशाला नसती उठाठेव? धक्क्यावर राजकारण नको."

"राजकारण तुमच्या शेडमध्ये आहे साहेब, खोक्यांत भरून," मुकादम म्हणाले. "आम्ही नुसते उभे आहोत."

दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन पडलं होतं. जहाज आलं. दोरवाले रांगेत उभे राहिले, हात पाठीमागे घट्ट बांधून. ताई टपरीच्या खांबाला धरून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. साहेब एका बाजूला, दोन शिपाई घेऊन. क्रेनवाल्यानं क्रेन बंद केली आणि तोही वरून वाकून बघायला लागला.

जहाजावरच्या खलाशांचा म्होरक्या म्हणजे सारंग. धिप्पाड, डोक्याला रुमाल बांधलेला. त्यानं दोरीची वेटोळी हातात घेतली, हात मागे नेला आणि सोडली. दोरी सुसाट आली, आणि आली ती नेमकी मुकादमांच्या अंगावर.

मुकादमांचा हात वर गेला. टप्प! झेलली.

काय सांगू तुम्हाला! जन्मभराची सवय ती, दिलेल्या शब्दाला विचारायला थोडीच थांबते! मुकादम हातातल्या दोरीकडे असे बघत होते की जणू हात कुणा दुसऱ्याचा आहे. ताईनं डोळे मिटून घेतले.

"मुकादम, काय केलंत हो हे?" लंबू रडवेला झाला.

"मी नाही केलं रे. हातानं केलं."

साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "शाब्बास मुकादम! शेवटी कामाचा माणूस तो कामाचाच. चला, ओढा आता, ओढा!"

मुकादम तसेच उभे. ओढली तर खोकी जाणार. सोडली तर जन्मभर पाळलेला नियम मोडणार, आणि समोरच्या सारंगाला वाटणार की ह्या धक्क्यावर माणसं नाहीत. माझ्या मानेला आत्तापर्यंत हजारो फास पडले असतील, पण त्या दिवशीइतकी धास्ती मला कधी वाटली नव्हती. मला हलता आलं असतं तर मी पाण्यात उडी टाकली असती, बांधायला खुंटाच नको म्हणून!

मग मुकादमांच्या मिशा हलल्या. ते हसत होते.

"ताई," त्यांनी हाक मारली, "तो चमच्यांचा डबा आण पाहू."

ताई धावत गेली. मुकादमांनी दोरीच्या टोकाला तो डबा बांधला. अशी गाठ मारली की वादळातसुद्धा सुटायची नाही. मग मान वर करून ओरडले, "सारंग, घे ओढून! दोरी रिकामी परत पाठवत नाही आम्ही. बघ काय भरायला आलायस ते!"

साहेबांना काही कळेना. डबा धक्क्याच्या कडेवरून घसरला, हवेत लटकला आणि ठणठण वाजत जहाजाच्या अंगावरून वर चढला. सारंगानं तो हातात घेतला. उलटा केला. कोंबडा पाहिला.

"माझ्या स्वयंपाकघरात पडला होता!" ताई खालून ओरडली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. "अशी खोकीच्या खोकी आहेत मागे! माझा भाऊ तिकडे आहे!"

सारंगानं बुडावरच्या कोंबड्यावरून अंगठा फिरवला. खलाशी एकेक करून त्याच्याभोवती जमले. डबा ह्या हातातून त्या हातात फिरला. ते सगळे वेगवेगळ्या देशांतले, पोटासाठी एका जहाजावर आलेले. मग सारंग कठड्याशी आला.

"बाई," तो म्हणाला, "आमच्याकडेही एकदा रेडिओवर बँड वाजला होता. मी लहान होतो. माझ्या बापाला घेऊन गेले ते गेलेच."

एवढं बोलून त्यानं दोरीची नीट वेटोळी केली आणि ती खुंटीला अडकवून ठेवली.

वरून कप्तानाचा कर्णा गरजला, "दोर फेका! काय चाललंय?"

"हात दुखतोय, कप्तान," सारंग म्हणाला.

"मग दुसऱ्यानं फेका!"

गंमत अशी की त्या क्षणी सगळ्या खलाशांचे हात दुखायला लागले. एकाच्या तर म्हणे दोन्ही हातांना चमक आली. कप्तान कर्ण्यातून गरजत राहिला आणि खलाशी आपापले खांदे चोळत राहिले. जहाजाला ढकलून धक्क्याला लावणाऱ्या दोन छोट्या बोटी होत्या. त्यांच्या चालकांनी एकमेकांकडे पाहिलं, भोंगा दिला आणि जहाजाला सोडून बाजूला झाले.

न बांधलेलं जहाज धक्क्यापाशी किती वेळ राहणार? ते हळूहळू मागे सरकायला लागलं. माझ्यात आणि त्याच्यात पाण्याची पट्टी रुंद होत गेली. मग काय विचारता! क्रेनवाल्यानं भोंगा वाजवला, त्याचं ऐकून पलीकडच्या धक्क्यावरच्या जहाजांनी वाजवला, ट्रकवाल्यांनी हॉर्न दिले. लंबू माझ्यावर चढून नाचला. एरवी मला राग आला असता. त्या दिवशी म्हटलं, नाच बाबा, पोटभर नाच. माझी मान मोकळी होती आणि इतकी ताठ ती कधीच नव्हती.

ताई सारंगाला हात करत होती. तिचा डबा जहाजावरच राहिला होता. सारंगानं तो उंच धरून दाखवला आणि आत नेला.

साहेबांनी त्याच संध्याकाळी मुकादमांना घरी बसवलं. पण मुकादम घरी कसले बसतात! इस्त्रीचा सदरा घालून ते रोज यायचे आणि माझ्यावर बसायचे. "मला कामावरून काढलंय, खुंट्यावरून नाही," म्हणायचे. दुसऱ्या मुकादमाच्या हाताखाली कुणी दोरी झेलेना. साहेबांनी दुसऱ्या बंदरातून बसभर माणसं आणवली. ती माणसं उतरली, ताईच्या टपरीवर चहाला थांबली, तिचं बोलणं ऐकलं, आणि बस रिकामी परत गेली. शेवटी साहेबांना स्वतः येऊन मुकादमांना कामावर बोलवावं लागलं. ताईनं त्यांनाही चहा दिला. त्यांनी तो मुकाट्यानं प्याला.

कारखानदार काही स्वस्थ बसला नाही. त्यानं खोकी ट्रकमध्ये घालून दूरच्या एका बंदरात नेली. पण तिथे ताईचा डबा आधीच पोचला होता! सारंगानं तो तिथल्या दोरवाल्यांना दोरीला बांधून पाठवला होता. त्यांनी तो पुढच्या जहाजाला दिला, त्या जहाजानं पुढच्या बंदराला. जिथे जिथे डबा गेला तिथे तिथे लोकांचे हात दुखायला लागले. इतकी साथ पसरली की विचारू नका! खोकी जशी गेली तशी परत आली आणि आमच्या शेडमध्ये ओल खात पडली. लंबूच्या वहिनीनंही कारखान्यात पॅकिंग थांबवलं, आणि तिच्याबरोबर तिच्या सगळ्या मैत्रिणींनी.

तिकडे वाट पाहून पाहून सैनिकांची दमछाक झाली. साठा येईना, गाडी हलेना, आणि वसाहतीतली माणसं काही बाहेर येईनात. शेवटी सैनिकांतलेच काही जण बंदुका खाली ठेवून वसाहतीत पाणी घेऊन गेले. त्यातल्या कितीतरी जणांच्या आत्या-मावश्या तिथेच राहत होत्या. एका सकाळी सेनापती विमानात बसून निघून गेला.

ताईच्या टपरीवर रेडिओ सुरू होता. बँड वाजता वाजता मधेच थांबला. थोडा वेळ नुसती खरखर. मग एका बाईचा घोगरा आवाज आला, "नमस्कार, आता बातम्या." ताई माझ्यावर बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. मुकादम शेजारी उभे राहून मिशा पुसत होते. मला रडता येत नाही. आलं असतं तर त्या दिवशी मी गंजलो असतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण लंबू भलत्या बढाया मारत फिरतो. जिंकले ते तिकडचे लोक. तहानेनं घसा सुकला तरी जे कामावर गेले नाहीत ते. आम्ही एक दोर बांधला नाही, एवढंच. पण त्या 'एवढंच'साठीही छाती लागते. ती मी माझ्या शेजारी पाहिली आहे.

आता माझं काय झालं ते सांगतो. आमचा धक्का पाडून मोठा करायचं ठरलं. जुने खुंटे भट्टीत जाणार होते. भट्टीची मला भीती नव्हती, माहेरच ते. पण पलीकडच्या रेल्वेवाल्यांचा निरोप आला. खुंटा वितळवू नका, आम्हाला द्या, आमच्या स्टेशनापुढे उभा करतो. मुकादमांनी स्वतःच्या हातानं माझे बोल्ट सोडवले. क्रेननं मला उचललं आणि मी जन्मात पहिल्यांदा हललो. खोटं कशाला बोलू, खाली बघायचा धीर झाला नाही!

आज मी जहाजाच्या डेकवर आहे. मला चहूबाजूंनी आवळून बांधलंय. बांधून घेणं कसं असतं ते आत्ता कळतंय. मुकादम निवृत्त झालेत, ते सोबत आहेत. ताई तर पहाटेपासून कठड्याला चिकटून उभी आहे.

तुम्हा वाचणाऱ्यांकडे एकच मागणं आहे. स्टेशनापुढे याल तेव्हा माझ्यावर हार-तुरे घालू नका. बसा, टेका, चहा प्या. आणि कधी तुमच्याकडे एखादी दोरी भिरभिरत आली, तर ती ओढण्याआधी दुसऱ्या टोकाला काय बांधलंय ते बघा. माणूस असेल तर सोडू नका.

बरं, बोलणं पुरे आता. किनारा जवळ आलाय. धक्क्यावर ही गर्दी! रेल्वेचे निळे सदरे, त्यांच्या बायका, पोरंबाळं, म्हातारी माणसं. अगदी पुढे एक खंगलेला तरुण, काठीवर रेलून उभा. तो कोण हे ताईनं सांगायची गरजच नाही. ती कठड्यावरून अर्धी बाहेर वाकलीय.

खलाशानं दोरीची वेटोळी उचलली. ताईनं ती त्याच्या हातातून ओढून घेतली. मुकादम म्हणाले, "खांद्यातून जोर लाव, पोरी." तिनं हात मागे नेला आणि सगळी ताकद लावून दोरी फेकली.

आयुष्यभर मी धक्क्यावर उभा राहून दोऱ्या येताना पाहिल्या. जाताना आज पहिल्यांदा पाहिली. तिकडे किती हात वर आले म्हणून सांगू! काठी टाकून धाकट्यानंच ती झेलली म्हणे. मला ते नीट दिसलं नाही, कारण तोवर सगळा धक्का ओढायला लागला होता.